‘तीस जिवांचा मंत्र’

‘तीस जिवांचा मंत्र’ : टीव्हीला जोडायच्या व्हिडिओ गेमवर ‘काँट्रा’ची कॅसेट लावली की वर, वर, खाली, खाली, डावं, उजवं, डावं, उजवं, बी, ए ही बटणं ओळीने दाबायची, मग स्टार्ट. तीनाऐवजी तीस जीव मिळत. मूळ कल्पना कोनामीच्या काझुहिसा हाशिमोतो यांची. १९८६ साली ‘ग्रॅडियस’ तपासताना तो त्यांनाच अवघड जात होता, म्हणून त्यांनी ही सोय केली.

‘जिनी’ हे मात्र वेगळे उपकरण : १९९० चे ‘गेम जिनी’. कॅसेट आणि यंत्र यांच्यामध्ये ते बसे आणि चिपमधून वाचला जाणारा आकडा वाटेतच बदलून देई. कॅसेट तशीच राही. वीज गेली की बदल पुसला जाई. निन्टेन्डोने त्याची विक्री न्यायालयात अडवू पाहिली, पण १९९२ साली अमेरिकेतील अपील न्यायालयाने निन्टेन्डोच्या विरुद्ध निकाल दिला. निकाल योग्यच होता. विकत घेतलेला खेळ घरी कसा खेळावा, हे खेळणाऱ्याने ठरवायचे.

वाचकांनी मंत्र आणि जिनी यांची गल्लत करू नये. निन्टेन्डोसाठीचे जिनी ७२ पिनांच्या कॅसेटचे होते. आपल्याकडच्या नकली यंत्रांची खाच ६० पिनांची, त्यामुळे ते त्यांत थेट बसत नसे. — संपा.