पाण्यामागे गेलेली तार : बारामती-इंदापूरचा शतकभराचा आलेख

पुणे जिल्ह्याच्या आग्नेय भागात, नीरा आणि भीमा या नद्यांच्या दरम्यान पसरलेल्या बारामती आणि इंदापूर तालुक्यांत विजेची तार कोठे पोहोचली, किती जाडीची लागली आणि किती लांब ओढावी लागली, हे प्रामुख्याने पाण्याने ठरवले. कारखान्यांनी, बाजारपेठांनी आणि शहरी घरांनीही तार मागितली. परंतु या भागात तारेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक शेतातला पंपच राहिला, आणि पाणी जितके खोल किंवा जितके दूर, तितकी तार अधिक, हा हिशेब पिढ्या बदलल्या तरी सुटला नाही.

१८७६-७७च्या दुष्काळानंतर बांधलेल्या नीरा डाव्या कालव्याने १८८५च्या सुमारास या पट्ट्यात पाणी आणले, तेव्हा त्या पाण्याला ना इंजिन लागले ना तार, कारण कालव्याचे पाणी उताराने वाहते आणि पाटाचे दार उघडले की आपोआप शेतात उतरते. याच पाण्यावर ऊस वाढला. उसाच्या आधारे १९३०च्या दशकात वालचंद हिराचंद यांनी वालचंदनगर वसवले आणि पुढे माळेगाव, सोमेश्वर व भवानीनगर येथे सहकारी साखर कारखाने उभे राहिले. साखर कारखाना उसाच्या चिपाडावर वाफ करतो आणि त्या वाफेवर स्वतःपुरती वीजही निर्माण करतो. त्यामुळे तारांचे जाळे सुरुवातीला कारखान्याच्या आवारापुरते राहिले आणि कुंपणाबाहेरच्या शिवारात रात्री अंधारच होता. बागायती पट्ट्याच्या उत्तरेला, सुपे-मोरगावच्या जिरायती भागात, विहिरीवर मोट चालत असे. मोटेचा नाडा विहिरीच्या खोलीइतका लांब लागे आणि पाणी खाली गेले की नाड्याला जोड द्यावा लागे. मोटेची जागा हळूहळू ऑइल इंजिनाने घेतली. तेही आपले इंधन सोबत बाळगत असल्याने त्यालाही तारेची गरज नव्हती.

तारेची खरी मागणी निर्माण झाली ती २० जून १९६० रोजी महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाल्यावर आणि १९६२मध्ये कोयनेची वीज वाहू लागल्यावर. शिवाराशिवारांतून खांब उभे राहिले. त्यांवर ओढलेली उघडी तार मात्र तांब्याची नव्हती, आणि यामागचे कारण समजून घेण्याजोगे आहे. तांबे बव्हंशी आयात करावे लागे आणि परकीय चलनाची टंचाई तीव्र होती. उलट ॲल्युमिनियम देशात तयार होऊ लागले होते. ॲल्युमिनियमची वहनक्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्के असली, तरी घनता तांब्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी असल्याने तेवढाच विरोध असलेली ॲल्युमिनियमची तार जाड असूनही वजनाला तांब्याच्या निम्मी भरते. तिचा दोष एकच, की ती ताणाला दुबळी आहे. म्हणून मधोमध पोलादाची तार ठेवून तिच्याभोवती ॲल्युमिनियमच्या तारा पिळतात आणि पोलाद गंजू नये म्हणून त्यावर जस्ताचा थर देतात. वीज बाहेरच्या तारा वाहतात, भार आतली तार वाहते. या पिळलेल्या तारांना जनावरांची नावे देण्याची ब्रिटिश प्रथा भारतीय वीजमंडळांनीही चालू ठेवली आणि बारामती-इंदापूरचे वायरमन आजही ‘वीझल’, ‘रॅबिट’, ‘डॉग’ याच नावांनी त्या मागतात. २.५९ मिलिमीटर व्यासाच्या सहा ॲल्युमिनियमच्या तारा आणि तेवढ्याच व्यासाची पोलादाची एक तार मिळून ‘वीझल’ होते. हीच रचना ३.३५ मिलिमीटरच्या तारांनी केली की ‘रॅबिट’ होते. यांतील प्रत्येक ॲल्युमिनियमची तार सुमारे साडेनऊ मिलिमीटर जाडीच्या सळईपासून निघते. ती सळई एकापेक्षा एक अरुंद भोके असलेल्या साच्यांतून, म्हणजे ‘डाय’मधून, ओढत नेली जाते, आणि प्रत्येक डायमागे ती बारीक, लांब आणि अधिक टणक होत जाते.

उघडी तार स्वस्त पडली, म्हणूनच ती इतक्या लवकर वाड्यावस्त्यांपर्यंत गेली. परंतु स्वस्ताईची किंमत उसाने मोजली. उन्हाने तार लांबते, खांब कलले की ती आणखी लोंबते आणि वाऱ्याने दोन तारा एकमेकींना लागल्या की ठिणग्या थेट वाळलेल्या पाचटावर पडतात. उभ्या उसाला लागणाऱ्या आगींच्या मुळाशी ही साधी यांत्रिक गोष्ट वारंवार असते. खांबाखांबांतील अंतर कमी ठेवले, तारांचा ताण वेळच्या वेळी पाहिला किंवा तारांवर आवरण चढवले, तर अशी हानी टळू शकते. तरीही देखभालीचा हा खर्च सर्वांत आधी कापला जातो आणि त्याचा भुर्दंड ज्याचा काही दोष नाही अशा शेतकऱ्यावर पडतो.

१९७२च्या दुष्काळानंतर पाण्याचा शोध जमिनीत खोलवर गेला आणि तारही त्याच्या मागे उतरली. जमिनीवरचा पंप हवेच्या दाबावर पाणी ओढतो, त्यामुळे व्यवहारात सहा-सात मीटरपलीकडे तो पाणी ओढू शकत नाही. पाणी त्याहून खाली गेले की मोटारच पाण्यात सोडावी लागते. पाण्यात बुडालेल्या या मोटारीला, म्हणजे सबमर्सिबल पंपाला, वेगळ्या प्रकारची केबल लागते. बोअरच्या भोकात पंप आणि भिंत यांच्यामधली जागा अरुंद असते. म्हणून तीन तारा एकाभोवती एक न पिळता शेजारीशेजारी मांडून त्यांवर पीव्हीसीचे चपटे वेष्टण चढवतात. यापूर्वी घरांमधील तारांवर रबराचे वेष्टण असे आणि ते काही वर्षांत कडक होऊन तडकत असे. पीव्हीसी पाण्याला टिकले आणि म्हणूनच ही केबल शक्य झाली. छाब्रिया बंधूंनी १९५८मध्ये पुण्यात सुरू केलेल्या फिनोलेक्ससारख्या कंपन्यांनी अशी चपटी केबल बनवली, आणि पुण्याजवळ तयार होणारा हा माल पूर्वेकडच्या बाजारपेठांत सहज पोहोचू शकला. बोअर आणखी खोल गेले की केबलला जोड द्यावा लागे. जोड नीट गुंडाळला नाही तर पाणी आत शिरे आणि मोटार जळे. जळालेली मोटार ‘भरून’ देणारी, म्हणजे तिच्यातील तांब्याची वेटोळी नव्याने गुंडाळून देणारी दुकाने तालुक्याच्या गावी आणि मोठ्या बाजारगावांत वाढली. त्या कारागिरांचे कसब पोटापुरतेच मानले गेले, त्याची नोंद मात्र कोणी ठेवली नाही, ही या प्रदेशाच्या इतिहासलेखनातील खरी उणीव आहे.

या साऱ्या कथेतला सर्वांत विलक्षण टप्पा इंदापूर तालुक्यात, उजनीच्या जलाशयाकाठी घडला. भीमेवरील उजनी धरण १९८०मध्ये पूर्ण झाले. त्याचा एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, म्हणजे ११७ अब्ज घनफूट असून त्यातला निम्म्याहून अधिक मृतसाठा, म्हणजे नेहमीच्या वापराच्या पाण्यात न मोजला जाणारा साठा आहे. धरण भरले की पाणी शेताच्या बांधाला लागते आणि उन्हाळ्यात ते मैलभरही मागे सरकते. एरवी बुडालेले पळसदेवचे जुने पळसनाथ मंदिर उघडे पडते, तेव्हा किनारा कोठवर मागे गेला आहे हे सगळ्यांना दिसते. शेतकऱ्याचा वीजजोड मात्र वरच्या खांबाशीच राहतो. म्हणून पंप, पाइप आणि केबल उचलून गाळातून पाण्यामागे न्यावे लागतात, आणि अंतर वाढले की केबलला केबल जोडावी लागते.

लांब केबलचा प्रश्न केवळ खर्चाचा नसतो. पाच अश्वशक्तीची मोटार ४१५ व्होल्टवर सुमारे ८ ॲम्पिअर प्रवाह घेते. चार चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या लवचिक तारेचा विरोध किलोमीटरला सुमारे ५ ओहम असतो. एक किलोमीटर केबल टाकली, तर वाटेतच ५८ व्होल्टच्या आसपास घट होते आणि मोटारीपर्यंत साधारण ३५७ व्होल्ट पोहोचतात. रोहित्रावर, म्हणजे ‘डीपी’वर भार जास्त असल्यास मुळातच दाब कमी असतो, मग मोटार अधिक प्रवाह ओढते, तापते आणि जळते. दहा चौरस मिलिमीटरची केबल घेतली तर घट २३ व्होल्टच्या आत राहते, पण तांबे अडीचपट लागते. उन्हाळ्यात ऊस आणि केळी जगवण्यासाठी काठावरच्या शेतकऱ्याला ही निवड करावी लागते आणि पातळ केबलचे नुकसान त्याला मोटार जळाल्यावरच दिसते. त्यात चोरीची भर पडते, कारण आवरण जाळून काढलेले तांबे भंगारात सहज विकले जाते आणि रात्री जलाशयाच्या उघड्या काठावर केबल राखणे कठीण असते.

बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत १९९०च्या दशकापासून तीनचाकी वाहने, पोलादी नळ्या आणि अन्न-प्रक्रिया यांचे कारखाने आले व जमिनीखालून जाणाऱ्या, पोलादी पट्टीचे चिलखत असलेल्या केबलचा वापर वाढला. द्राक्षबागांच्या मांडवांनी जस्ताचा थर दिलेली पोलादी तार मोठ्या प्रमाणावर मागितली. हा व्याप मोठा असला तरी त्याचे तंत्र अन्यत्रच्या वसाहती आणि बागांसारखेच आहे. उजनीकाठी फिरत राहणारी केबल हे मात्र या भागाचे वेगळेपण आहे.

अलीकडे सौर कृषिपंपांचा प्रसार होत असून, पॅनेलजवळच वीज तयार होत असल्याने खांबांची रांग आणि तिच्यावरची उघडी तार दोन्ही अनावश्यक ठरतात. जिरायती भागातील विहिरींना ही व्यवस्था चांगली मानवते. उजनीच्या काठी मात्र पॅनेल काँक्रीटच्या पायावर बसवलेले, शेताच्या हद्दीत अडकलेले आणि पाणी पावसाळा ते उन्हाळा हलत राहणारे. त्यामुळे खांबाच्या जागी पॅनेल आले तरी तेथून पाण्यापर्यंतची केबल तेवढीच लांब लागते, आणि दाबाची घट टाळायची तर तेवढीच जाडही घ्यावी लागते.