युनिसेफ म्हणजे नेमकं काय? गावच्या हापशाशीही आहे जुनं नातं

अंगणवाडीत किंवा लसीकरणाच्या पोस्टरवर निळ्या अक्षरातलं 'युनिसेफ' हे नाव अनेकांनी पाहिलेलं असतं. पण ही संस्था कोणाची आणि ती करते काय, हे फारसं माहीत नसतं.

युनिसेफ ही संयुक्त राष्ट्रसंघाची मुलांसाठी काम करणारी संस्था. दुसऱ्या महायुद्धात होरपळलेल्या देशांतल्या मुलांना दूध, कपडे, औषधं पुरवण्यासाठी ११ डिसेंबर १९४६ रोजी ती स्थापन झाली. काम तात्पुरतं होतं. पण गरीब देशांत युद्ध नसतानाही मुलं उपाशी, आजारी होती. म्हणून १९५३ मध्ये संस्था कायमची करण्यात आली. १९६५ मध्ये तिला शांततेचं नोबेल मिळालं.

भारतात काम कधीपासून?

१९४९ पासून. पिंपरीचा पेनिसिलिनचा सरकारी कारखाना आणि गुजरातेत आणंदचा दूध पावडरचा कारखाना उभा करताना युनिसेफने यंत्रं दिली.

हापशाची गोष्ट

१९६६-६७ च्या दुष्काळानंतर युनिसेफने कठीण खडकात बोअर घेणारी यंत्रं भारतात आणली. बोअरला पाणी लागायचं, पण वर बसवलेले बिडाचे पंप टिकत नव्हते. एका घरापुरता पंप, त्यावर सगळं गाव पाणी भरणार, तो मोडणारच. पंप बंद पडला की बायामुलांची पुन्हा लांबवर पायपीट, नाहीतर गढूळ पाणी आणि मुलांना जुलाब.

जालना आणि सोलापूर भागात मिशनच्या लोकांनी मात्र पोलादी, दणकट पंप तयार केले होते. त्याच धर्तीवर सरकार आणि युनिसेफने मिळून १९७० च्या दशकात 'इंडिया मार्क टू' हा हापसा तयार केला. पुढे तो आफ्रिकेतल्या अनेक देशांतही पोहोचला.

आज काय करते?

लसीकरण, कुपोषण, शाळा, स्वच्छता, बालविवाह रोखणं अशा कामांत ती सरकारसोबत असते. महाराष्ट्राचं काम मुंबईच्या कार्यालयातून चालतं. पैसा येतो तो वेगवेगळ्या देशांची सरकारं आणि सामान्य लोकांच्या देणगीतून.

हे लक्षात ठेवा

युनिसेफ नोकरीसाठी कोणतीही फी घेत नाही. त्या नावाने फी किंवा ओटीपी मागणारा मेसेज आला तर देऊ नका, पुढेही पाठवू नका.