लताबाईंची गाणी आणि इंदूरची निवड

लता मंगेशकर ह्यांचा जन्म २८ सप्टेंबर १९२९ रोजी इंदूरच्या शीख मोहल्ल्यात झाला, ही गोष्ट इंदूरकर सहसा कोणास विसरू देत नाहीत. १९८४ साली मध्य प्रदेश शासनाने त्यांच्या नावे राष्ट्रीय सन्मान सुरू केला व त्याचा पहिला मान नौशाद ह्यांस मिळाला. ६ फेब्रुवारी २०२२ रोजी लताबाई निवर्तल्या; त्यांची गाणी गाणाऱ्या वाद्यवृंदांच्या स्मृतिमैफली मात्र पूर्वीप्रमाणेच चालू आहेत. जन्मगावाचा अभिमान बाळगण्यास फारसे श्रम पडत नाहीत. त्या अभिमानास शोभेल अशी गाण्यांची यादी करणे हे मात्र कष्टाचे काम आहे, आणि नेमके तेच घाईने उरकले जाते असे आम्हांस वाटते.

तीन तासांच्या मैफलीत पंचवीस-तीस गाण्यांपलीकडे मजल जात नाही, आणि लताबाईंची गाणी तर हजारोंनी मोजावी लागतात. तेव्हा निवडीत अन्याय व्हावयाचाच. पण ज्या याद्या आपल्यापुढे येतात त्या कानपुरात गायिल्या काय नि कलकत्त्यात गायिल्या काय, सारख्याच. मदनमोहनांची दोन, शंकर-जयकिशनांची चार, शेवटी एक देशभक्तीचे. गाणी उत्तम, ह्यात शंका नाही. पण त्यांत इंदूरचे काय, आणि मंगेशीचे तरी काय?

मंगेशीचा उल्लेख आम्ही उगीच करीत नाही. लताबाईंचे वडील मास्टर दीनानाथ ह्यांचा जन्म २९ डिसेंबर १९०० चा, मंगेशी गावचा. वडील गणेशभट नवाथे हे श्रीमंगेशाचे अभिषेकी. आई येसूबाई राणे ह्या देवळात गायनसेवा रुजू करणाऱ्या कलावंत समाजातील. दीनानाथांनी आडनाव घेतले ते गावचे, म्हणजे पर्यायाने देवाचे. गळा मात्र आईच्या बाजूने आला, असे म्हणणे वावगे ठरू नये. देवळांच्या सभामंडपांतून ज्या स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या गाणे जतन केले, त्यांच्या नावांची नोंद ठेवण्याची तसदी आपल्या समाजाने फारशी घेतली नाही. येसूबाईंचे नाव आज घेतले जाते तेही नातीमुळे. म्हणूनच मैफलीच्या आरंभी दीनानाथांचे निदान एक नाट्यपद असावे, असा आमचा आग्रह आहे.

ह्या पदांचा मध्य भारताशी संबंध नाही, असे कोणी म्हणेल तर ते खरे नव्हे. सावरकरांचे ‘संन्यस्त खड्ग’ हे नाटक बळवंत संगीत मंडळीने १९३१ साली रंगभूमीवर आणले. त्याच्या चाली रामकृष्णबुवा वझ्यांच्या. बुवा मूळचे सावंतवाडीकडचे, पण विद्या घेतली ती ग्वाल्हेरीस, निसार हुसेनखाँकडे. म्हणजे कोकणातला माणूस ग्वाल्हेरची गायकी शिकून परत येतो, गोमंतकीय नटाच्या गळ्यात ती उतरते, आणि त्या नटाची थोरली मुलगी इंदुरात जन्मते. एवढी वाटचाल एका पदात सामावलेली असताना ते यादीतून वगळावयाचे काय?

दुसरे नाव भास्कर रामचंद्र तांबे ह्यांचे. १८७३ साली ग्वाल्हेर संस्थानात जन्मलेला, देवासास शिकलेला व पुढे ग्वाल्हेरचा राजकवी झालेला हा कवी १९४१ साली वारला. लताबाईंनी पहिले चित्रपटगीत गायिले ते १९४२ साली, म्हणजे आपल्या कवितांचा हा आवाज तांब्यांच्या कानी पडलाच नाही. पुढे वसंत प्रभू व हृदयनाथ मंगेशकर ह्यांनी चाली बांधल्या आणि तांब्यांच्या ओळी महाराष्ट्रातील घराघरांत गेल्या. होळकर-शिंद्यांच्या मुलखातील मराठीचा ह्याहून मोठा गौरव कोणता? श्रोते हिंदीभाषी असतात आणि तिकिटे त्यांच्यावरच खपतात, ही चालकांची अडचण आम्ही जाणतो. परंतु तीन तासांत दोन मराठी गाण्यांनी कोणी उठून जाईल, असे आम्हांस वाटत नाही.

हिंदी गाण्यांतही माळव्याचे धन आहेच. ‘ऐ मेरे वतन के लोगो’ लिहिणारे कवी प्रदीप उज्जैनजवळच्या बडनगरचे, चाल सी. रामचंद्रांची, म्हणजे पुणतांब्याच्या मराठी माणसाची. २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीस, पंडित नेहरूंसमोर, लताबाईंनी ते गायिले. प्रदीपांचा जन्मदिवसही ६ फेब्रुवारीच, हा योगायोग निवेदकाने अवश्य सांगावा.

‘महल’मधील (१९४९) खेमचंद प्रकाशांचे गाणे बहुतेक याद्यांत असते, पण त्याच्या आरंभीच्या संथ ओळी वेळ वाचविण्यासाठी गाळण्याचा मोह अनेकांस होतो. त्या ओळींतच गाण्याचा प्राण आहे. पहिल्या तबकडीवर गायिकेचे नाव नव्हते, पात्राचे ‘कामिनी’ एवढेच छापले होते; ही गायिका कोण, अशी लोकांनी विचारणा केली ती त्या आवाजामुळे. गाळण्यापेक्षा दुसरे एखादे गाणे कमी करावे. आणि ‘आनंदघन’ ह्या नावाने लताबाईंनी स्वतः संगीत दिलेल्या ‘साधी माणसं’मधील (१९६५) एक गाणे घ्यावे.

नकलेविषयी थोडेसे. १९९२ साली लताबाईंनी ‘श्रद्धांजली’ ह्या नावाने सैगल, हेमंतकुमार, गीता दत्त, मुकेश, रफी, किशोर आदींची गाणी स्वतः ध्वनिमुद्रित केली. त्यांत त्यांनी कोणाचाही आवाज काढलेला नाही. सैगलांचे गाणे गातानाही त्या लताबाईच राहिल्या. आपल्या पट्टीत बसेल तेच निवडावे आणि आपल्याच आवाजात गावे, हा धडा वाद्यवृंदातील मुलींनी तेथून घेण्याजोगा आहे. पट्टी उसनी घेऊन वरच्या षड्जावर कर्कश होण्यापेक्षा दोन स्वर खाली उतरून गाणे केव्हाही बरे.

राहिला क्रमाचा प्रश्न. प्रदीपांचे गीत शेवटी असते ते ठीकच आहे. त्यानंतर श्रोते उभे असतात, दुसरे काही गाता येत नाही. त्याच्या लगेच आधी मात्र बहुधा एखादे टाळ्यांचे गाणे घालतात. ती जागा तांब्यांच्या ‘मावळत्या दिनकरा’स द्यावी, वाद्ये कमी करावीत, आणि निवेदकाने मध्ये बोलू नये.