माया आमची, नळ एकच

माझी मावशी लग्न होऊन बेळगावहून मुंबईला गेली, ती थेट गिरणगावातल्या चाळीत. माहेरी विहीर होती. पाणी फडक्यातून गाळायचं आणि फडक्यातला अंश हलकेच विहिरीत परत सोडायचा, हे तिच्या हाताला सवयीचं. चाळीत मजल्याला एक नळ. "हे आता सोडू कुठं?" म्हणून तिनं आज्जीला पत्रात विचारलं होतं.

असं दाटीनं राहणं योग्यच आहे हे पटवायला दर काळात नवं कारण निघालं. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. १८९८ मध्ये शहर सुधारणेसाठी ट्रस्ट नेमला गेला. कारण होतं हवा आणि उजेडाचं. वस्त्या पाडल्या, पण पाडलेल्यांच्या मानानं नवी घरं कमीच झाली. निघालेली माणसं शेजारच्याच चाळींत दाटली.

१९१९ च्या मोठ्या गिरणी संपानंतर, १९२० मध्ये गव्हर्नर लॉइड यांच्या काळात विकास खातं निघालं. आता म्हणणं असं, की कामगाराला घर मिळालं तर तो शांत राहील. कापसाच्या गाठीमागं एक रुपया कर बसवला. बेत ५०,००० खोल्यांचा. झाल्या सुमारे १६,०००. वरळी, नायगाव, शिवडी, डिलाईल रोड. खोली साधारण १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. गडी एकटा येतो, त्याचं खरं घर गावाकडं, त्याला एवढं पुरे, असा हिशेब.

त्या हिशेबात बाई नव्हतीच. प्रत्यक्षात ती गिरणीत होती, खाणावळ चालवत होती, शेजारणीचं बाळंतपण काढत होती.

पुढं नवंच कारण निघालं: चाळीतली माणुसकी. मीही एकदा महिला मंडळात त्यावर भरभरून बोलले. मावशी पुढंच बसली होती. घरी येताना म्हणाली, "माया होती, ती आम्ही लावलेली. म्हणून वीस बिऱ्हाडांत नळ एकच द्यायचा होय गं?"

मला उत्तर सुचलं नाही.

आता माझी भाची पुण्यात कॉटचं भाडं भरते. खोलीत चौघी. मालकीणबाई म्हणतात, मुलींना सोबत होते. सोबत होते, खरं आहे. पण मी भाचीला सांगून ठेवलंय, पैसे देण्याआधी न्हाणी किती जणींत एक आहे, ते विचार.