मराठी उजळणी व लीलावतींतील गुणाकार

पंतोजींच्या शाळेंतील उजळणी म्हणजे केवळ घोकंपट्टी, हें मत गेल्या दीडशें वर्षांत इतक्या वेळां उच्चारलें गेलें आहे कीं, तें तपासून पाहण्याची आवश्यकताच कोणास वाटेनाशी झाली आहे. प्रस्तुत लेखकानें चौथी-पांचवीच्या मुलांस गणित व वरच्या वर्गांस संस्कृत शिकविण्यांत हयात घालविली. सेवेच्या पूर्वार्धांत त्याचेंही मत ह्याहून निराळें नव्हतें. लीलावतींतील गुणनाचें प्रकरण पुन्हां वाचतांना तें डळमळलें. मुलास संख्येची खरी ओळख करून देणारें उजळणींत कांहीं होतें कीं नाहीं, व असल्यास तें कोठें हरपलें, इतकाच ह्या टिपणाचा विषय आहे.

अंक व साधे पाढे सर्वत्र असतात. मराठी उजळणीचें वैशिष्ट्य अपूर्णांकांच्या पाढ्यांत होतें. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि साडेतिनांची औटकी, हीं नांवें आतां वृद्धांच्याच तोंडीं राहिलीं आहेत. ह्या नांवांची व्युत्पत्ति पाहिली म्हणजे शब्दांतच गणित कसें सांठविलेलें आहे तें दिसतें. 'पाऊण' म्हणजे पादोन, एक पाद कमी असलेलें. 'सवा' म्हणजे सपाद. 'साडे' म्हणजे सार्ध. 'अडीच' हा शब्द अर्धतृतीयापासून आला, म्हणजे ज्यांतील तिसरें अर्धेंच आहे तें. 'दीड' (द्व्यर्ध) व 'औट' (अर्धचतुर्थ) हे त्याच घडणीचे. पूर्ण संख्यांतही हीच दृष्टि आहे. संस्कृतांत २९ ला नवविंशति व एकोनत्रिंशत् अशीं दोन्ही नांवें चालतात. मराठीनें एकोणिसापासून एकोणनव्वदापर्यंत आठही ठिकाणीं 'ऊन' पत्करलें, आणि नव्व्याण्णवापाशीं मात्र तें कां सोडलें हें व्याकरणकारांनीं सांगावें! एकोणतीस म्हणणारें मूल तिसांतून एक वजा करीत असतें. तें त्यास कोणी सांगत नाहीं, ही गोष्ट वेगळी.

ह्या पाढ्यांचा उपयोग व्यवहारांत होता. रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे चार पावशेर, मणाचे चाळीस शेर. सर्व मापें चौथाईनें तुटणारीं. जुन्या दप्तरांतील हिशेबांत १। म्हणजे सवा, १॥ म्हणजे दीड व १॥। म्हणजे पावणेदोन, हें मोडी वाचणारांस ठाऊकच आहे. आतां पावणेदोन आणे शेर भावाचा सत्तावीस शेर माल घ्या. वाणी अपूर्णांकाचा गुणाकार मांडीत बसत नसे. सत्तावीस दुणे चोपन्न. सत्तावीस पावकी पावणेसात. चोपन्नांतून पावणेसात गेले, राहिले सव्वासत्तेचाळीस आणे, म्हणजे दोन रुपये पंधरा आणे एक पैसा. पाठ होतें तें पावकीचें उत्तर. पावणेदोनांस 'दोनांत पाव कमी' असें पाहणें हें पाठांतर नव्हे. तो विचार आहे.

हाच विचार भास्कराचार्यांनीं शके १०७२ (इ. स. ११५०) मध्यें लीलावतींत शास्त्ररूपानें सांगितला. १३५ स १२ नीं गुणावयाचें, एवढेंच उदाहरण घेऊन आचार्य तें एका रीतीनें सोडवून थांबत नाहींत. सरळ गुणून झाल्यावर १२ चे ८ व ४ असे खंड करून गुणावें व फळें मिळवावीं. किंवा १२ म्हणजे चार त्रिक, म्हणून आधीं ४ नीं व मग ३ नीं गुणावें. किंवा १ व २ हे अंक आपापल्या स्थानीं ठेवून गुणावें. किंवा १० नीं गुणून दुप्पट मिळवावी. किंवा १२ त ८ मिळवून २० नीं गुणावें व आठपट वजा करावी, म्हणजे २७०० उणे १०८०. उत्तर सर्वत्र १६२०. लगेच भागाकारासाठीं हीच संख्या घेतली आहे: १६२० स १२ नीं भागण्याऐवजीं दोहोंस ३ नीं छेदून ५४० भागिले ४ करावें, अथवा ४ नीं छेदून ४०५ भागिले ३. शेवटची गुणनरीति व वाण्याचा हिशेब शेजारीं ठेवून पाहावे. विसांतून आठ आणि दोनांतून पाव. दोन्हीकडे सोयीची मोठी संख्या घेऊन अधिक झालेलें परत केलें आहे. एका उदाहरणास अनेक वाटा दाखवून विद्यार्थ्यास संख्येचे सांधे ओळखावयास लावणें ही रीति आजचे शिक्षणशास्त्रज्ञ नवीन म्हणून सांगतात, त्याचें कौतुक वाटतें.

ह्या दोन परंपरा कधीं एका छपराखालीं होत्या काय? चाळीसगांवजवळील पाटण येथील शिलालेख ह्या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे. डॉ. भाऊ दाजी ह्यांनीं उजेडांत आणलेल्या, इ. स. १२०७ च्या सुमाराच्या ह्या लेखांत भास्कराचार्यांचा नातू चांगदेव ह्यानें आचार्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठीं मठ स्थापिल्याचें सांगितलें आहे. लेखाचा बहुतेक भाग संस्कृतांत. शेवटीं मात्र मठास मिळावयाच्या उत्पन्नाचा तपशील तत्कालीन मराठींत आहे, आणि त्यांत बाजारांतील विक्रीवरील हक्क व घाण्यामागें द्यावयाचें तेल ह्यांची नोंद आहे. शास्त्र वरच्या ओळींत, माप खालच्या ओळींत. ह्यावरून मठांत घाणेवाल्याचीं मुलें शिकत असें अनुमान काढणें धाडसाचें होईल. तसा पुरावा नाहीं. माझा तर्क उलट आहे. कारण पंडिताकडे राहिलें आणि फळ तेवढें पंतोजीकडे आलें, व उजळणीवरील आक्षेपाचें खरें मूळ येथें आहे. आक्षेप सर्वस्वीं खोटा नाहीं. सत्तावीस पावकी घडाघडा म्हणणारा मुलगा 'सत्तावीस लाडू चौघांत वांटा' म्हणतांच गप्प बसतो, हें मीं स्वतः पाहिलें आहे.

१ एप्रिल १९५७ रोजीं रुपयाचे शंभर नवे पैसे झाले, १९५८ पासून दशमान वजनें येऊं लागलीं, आणि पावकीचा बाजारांतील आधार गेला. शाळेनें घोकणें टाकलें तें योग्यच. पण तोडण्या-जोडण्याची दृष्टि त्याबरोबर गेली, तिची भरपाई मांडणीच्या एकाच ठराविक रीतीनें झाली नाहीं. २०१९ सालीं दुसरीच्या पाठ्यपुस्तकांत 'एकवीस'च्या जोडीस 'वीस एक' असें वाचन सुचविलें गेलें व मोठा गदारोळ उठला. सुचविणारांची थट्टा करणें मला पटलें नाहीं. शंभरापर्यंतचें जवळजवळ प्रत्येक नांव मराठी मुलास वेगळें शिकावें लागतें, आणि 'वीस एक'नें स्थानाची किंमत स्पष्ट होते, हें खरें आहे. परंतु 'वीस नऊ' शिकवितांना एकोणतिसांतील वजाबाकी उलगडून न दाखविणें हा तोटा आहे. दोन्ही नांवें फळ्यावर शेजारीं लिहावीं, आणि २९ कडे दोन बाजूंनीं कसें जातां येतें तें मुलांनींच सांगावें.

१९९० च्या सुमारास पांचवीच्या वर्गास मीं आचार्यांचें तेंच उदाहरण घातलें व अट एकच ठेविली: शेजाऱ्याहून निराळी रीत पाहिजे. एका मुलीनें दसपट व दुप्पट मिळविली. दुसरीनें १३५ च फोडून शंभर आणि पस्तीस वेगळे गुणले. किराणा दुकानदाराच्या घरच्या एका मुलानें मात्र १३५ ची दिडकी केली, २०२॥. मग दुप्पट ४०५, पुन्हां ८१०, पुन्हां १६२०. बारा म्हणजे आठ वेळां दीड, हें त्यास आजोबांच्या दिडकीवरून सुचलें होतें. ही वाट लीलावतींतील त्या उदाहरणाखालीं दिलेली नाहीं.