कोलिमाची वाट अवघड कशाने झाली?

रशियाच्या अतिपूर्वेचा कोलिमा महामार्ग याकुत्स्कजवळून मगदान बंदरापर्यंत सुमारे २,००० किलोमीटर जातो. मोटरसायकलवरून एकट्याने तो पार करणे ही भटक्यांच्या जगात मोठी मर्दुमकी मानली जाते. वाट अवघड का, असे विचारले की उत्तर मिळते ते निसर्गाचे: चिखल, फुगलेल्या नद्या, बारमाही गोठलेली जमीन. मला हे उत्तर अपुरे वाटते. या वाटेचा अवघडपणा इतिहासाने घडवला आहे आणि त्याचे मूळ सोन्यात आहे. १९२८ साली भूशास्त्रज्ञ युरी बिलिबिन यांची मोहीम कोलिमात उतरली, सोन्याचे साठे हाती लागले आणि नोव्हेंबर १९३१मध्ये ते काढण्यासाठी सोव्हिएत सरकारने ‘दालस्त्रोय’ ही संस्था उभी केली. पुढच्याच वर्षी नागायेव उपसागराच्या काठावरून रस्ता आत सरकू लागला. मजूर म्हणजे जहाजांतून आणलेले कैदी. त्यांच्या हाती कुदळ, फावडे आणि एकचाकी हातगाडी. रस्ता खाणींपर्यंत पोचला की काम झाले, देश जोडण्याची घाई कुणालाच नव्हती. कोलिमा बेट नाही, तरी तिथले लोक उरलेल्या रशियाला ‘मतेरिक’, म्हणजे मुख्य भूमी, म्हणतात. आजचा स्वार जिथे समुद्र पाहून प्रवास संपवतो, तिथूनच कैद्याची पायपीट सुरू होत असे.

नद्या आणि गोठलेली जमीन दालस्त्रोयच्या आधीही होतीच, असे कुणी म्हणेल. खरे आहे. पण स्वार हौसेने निवडतात तो तोमतोर गावावरून जाणारा जुना उन्हाळी रस्ता, आणि तिथले पूल गेले ते डागडुजी थांबल्यामुळे. वाहतूक उस्त-नेरा गावावरून जाणाऱ्या रस्त्याकडे वळली होती. याच वाटेवरचे, कोळशासाठी वसवलेले कादिकचान १९९६च्या खाणस्फोटानंतर ओस पडत गेले. फक्त खनिजासाठी वसवलेली वस्ती खनिज परवडेनासे होताच उठते, आणि तिच्यामागे रस्ताही खचतो. २००४ साली अभिनेते इवान मॅकग्रेगर आणि चार्ली बूरमन इथून गेले, तेव्हा खोल पाण्यातून त्यांच्या मोटरसायकली ट्रकवर चढवून न्याव्या लागल्या. एकट्या स्वारालाही अशा जागी ट्रकवाल्याचाच आधार असतो. ‘एकट्याने’ हा शब्द इथे जपून वापरायला हवा.

दुसरा आक्षेप या महामार्गाला मेलेले कैदी त्याखालीच पुरले या समजुतीतून पडलेल्या ‘हाडांचा रस्ता’ या नावावर आहे. भरावाखाली खरोखर किती माणसे पुरली गेली, याचा पुरावा तोकडा आहे. बहुतेक कैदी खाणींत आणि छावण्यांत उपासमारीने, थंडीने, आजाराने मेले. म्हणून नाव अतिशयोक्त ठरेल, मूळ गोष्ट ठरत नाही. १९३२ ते १९५३ या काळात कोलिमात लाखो कैदी आणले गेले आणि मृतांची गणती लाखाच्या पुढे जाते. लेखक वर्लाम शालामोव यांनी १९३७पासूनची आपली कोलिमातली कैदेची वर्षे कथांतून मांडली; या वाटेवर निघणाऱ्याने नकाशाआधी त्या वाचाव्यात. मगदानच्या टेकडीवर या कैद्यांच्या स्मृतीसाठी शिल्पकार एर्न्स्त नेइझ्वेस्त्नी यांनी घडवलेला ‘दुःखाचा मुखवटा’ १९९६पासून उभा आहे. किनाऱ्यावर गाडी उभी करून फोटो काढण्याआधी तिथे जाऊन यावे.