अबोल्याचा इतिहास : बॅटरी आणि इन्व्हर्टर एकमेकांशी का बोलत नाहीत?

गेल्या वर्षी नाशिकला मामांच्या घरी गच्चीवर सौर पॅनेल बसले. जिन्याखाली लिथियमची बॅटरी आली, भिंतीवर नवा इन्व्हर्टर आला आणि दोहोंमध्ये एक साधी निळी नेटवर्क केबल जोडली गेली. चौथ्या रात्री इन्व्हर्टरच्या पडद्यावर ‘४० टक्के’ असा आकडा दिसत असतानाच घर अंधारात गेले. बॅटरी बिघडलेली नव्हती आणि इन्व्हर्टरही नव्हता. दोघांचा आपसांत संवादच सुरू झालेला नव्हता.

“कम्युनिकेशन येत नाहीये,” एवढेच बसवणारा म्हणाला. सौरऊर्जा घरोघरी पोहोचू लागल्यापासून हे वाक्य वारंवार कानी पडते. त्यामागे मात्र मोटार, कारखाना आणि टेलिफोन या तीन उद्योगांचा इतिहास दडलेला आहे. आजचा धागा त्या हातभर केबलविषयी.

प्रथम एक प्रश्न. या दोघांनी बोलायचेच कशाला? महाराष्ट्रात भारनियमनाच्या काळात मध्यमवर्गीय घरांत जो इन्व्हर्टर शिरला, त्याच्या बॅटरीला फक्त दोन जाड तारा असत, एक लाल आणि एक काळी. त्या बॅटरीला अधूनमधून डिस्टिल्ड वॉटर पाजले की काम भागे. तिला कोणी कधी काही विचारले नाही आणि तिनेही काही सांगितले नाही.

ती बॅटरी शिसे आणि आम्ल यांची होती. फ्रेंच शास्त्रज्ञ गास्ताँ प्लांते याने १८५९ मध्ये तिचा पहिला नमुना घडवला. तिचा एक गुण असा की तिच्या पोटातले तिच्या तोंडावर दिसते. सहा घटांची १२ व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली आणि विसावलेली असली की साधारण १२.७ व्होल्ट दाखवते आणि रिकामी होत जाते तसे व्होल्टेज हळूहळू उतरत जाते. वैद्याने नाडी पाहावी तसे इन्व्हर्टरने व्होल्टेज पाहायचे आणि अंदाज बांधायचा. थोडी जादा भरली गेली, तरी ती पाणी उडवून सहन करते. शतकाहून अधिक काळ बॅटरी भरणाऱ्या यंत्रांची सारी रचना या सहनशील, उघड्या स्वभावाच्या बॅटरीवर बेतलेली होती.

लिथियमचा स्वभाव अगदी उलटा. सोनी कंपनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन बॅटरी बाजारात आणली. घरगुती साठवणुकीत आज जी जात सर्वत्र दिसते, ती लिथियम आयर्न फॉस्फेटची. तिचा पाया पाधी, नंजुंडस्वामी आणि गुडइनफ यांच्या १९९७ च्या शोधनिबंधात आहे. (गुडइनफ यांना २०१९ मध्ये नोबेल मिळाले. निबंधावर पहिले नाव पाधींचे आहे, हे आपल्याकडे फारसे कोणाला ठाऊक नसते.) ही बॅटरी सुरक्षित आणि दीर्घायुषी आहे, पण चेहऱ्यावर काहीच दिसू देत नाही. तिचा एक घट जवळजवळ पूर्ण प्रवासभर ३.२ ते ३.३ व्होल्टच्या आसपास रेंगाळतो. सोळा घटांची घरगुती बॅटरी २० टक्क्यांवर असो वा ८० टक्क्यांवर, एकूण व्होल्टेजमधला फरक दीड व्होल्टच्या आसपास असतो. पंप किंवा गिझर चालू केला तर तेवढा उतार क्षणभरात पडतो. येथे नाडीपरीक्षा निरुपयोगी ठरते.

म्हणून लिथियमच्या पेटीत एक पहारेकरी बसवावा लागला. त्यास बीएमएस म्हणतात. तो प्रत्येक घटाचे व्होल्टेज आणि तापमान पाहतो, आत-बाहेर जाणारा प्रवाह मोजतो आणि धोका दिसला तर दार बंद करतो. बॅटरीत खरोखर किती शिल्लक आहे याचा नीट हिशेब तिथे त्याच्यापाशीच असतो. ती माहिती इन्व्हर्टरला कळली नाही, तर इन्व्हर्टर आपल्या जुन्या सवयीने शिशाच्या बॅटरीचे ठोकताळे लावतो. मामांच्या घरी तेच झाले. ४० टक्के हा इन्व्हर्टरचा अंदाज होता. पहारेकऱ्याच्या हिशेबात पेटी रिकामी झाली होती आणि त्याने नियमाप्रमाणे दार लावून घेतले.

तर मग बोलायचे कोणत्या भाषेत? येथून खरा इतिहास सुरू होतो.

पहिली भाषा कारखान्यातली. १९६८ मध्ये अमेरिकेतील जनरल मोटर्सच्या हायड्रामॅटिक विभागाला रिलेंच्या जंजाळाला पर्याय हवा होता. मोटारीचे मॉडेल बदलले की यंत्रांना आज्ञा देणाऱ्या रिलेंच्या भिंतीच्या भिंती पुन्हा जोडाव्या लागत. डिक मॉर्ली आणि त्यांच्या बेडफर्ड असोसिएट्स या संस्थेने त्यावर ‘मॉडिकॉन ०८४’ हा नियंत्रक तयार केला. ०८४ म्हणजे संस्थेचा चौऱ्याऐंशीवा प्रकल्प. नाव देण्याची ही पद्धत मला फार प्रामाणिक वाटते. पुढे १९७९ मध्ये मॉडिकॉनने आपल्या नियंत्रकांनी आपसांत बोलावे म्हणून ‘मॉडबस’ प्रसिद्ध केली. तिचे व्याकरण कमालीचे सोपे आहे. एक यंत्र विचारते, दुसरे उत्तर देते आणि विचारल्याशिवाय कोणी तोंड उघडत नाही. या दोघांना कित्येक दशके ‘मालक’ आणि ‘गुलाम’ म्हटले जाई. ही नावे २०२० मध्ये अधिकृतपणे बदलण्यात आली.

मॉडबस सहसा ज्या तारांवरून धावते, त्यांचे मानक आरएस-४८५, सन १९८३. दोन तारांमधील व्होल्टेजचा फरक वाचायचा, म्हणजे कारखान्यातला विजेचा गोंगाट दोहोंवर सारखाच पडतो आणि वजा होऊन जातो. सुमारे १२०० मीटरपर्यंत हा निरोप पोहोचतो. या मानकाने दोन तारांना ‘ए’ आणि ‘बी’ अशी नावे दिली. परंतु चिप बनवणाऱ्या कित्येक कंपन्यांनी आपल्या पायांवर हीच अक्षरे नेमकी उलट छापली. चाळीस वर्षे उलटली, तरी तंत्रज्ञ आजही ‘ए’ला ‘ए’ जोडतात, काही चालत नाही असे पाहतात आणि मुकाट्याने तारा अदलाबदल करतात. सुदैवाने असे उलटे जोडल्याने सहसा काही जळत नाही.

दुसरी भाषा मोटारीतली. १९८० च्या दशकात मोटारींत इलेक्ट्रॉनिक उपकरणे वाढू लागली आणि प्रत्येक उपकरणापासून प्रत्येकापर्यंत स्वतंत्र तार नेणे अशक्य होत चालले. जर्मनीतील बॉश कंपनीत १९८३ मध्ये यावर काम सुरू झाले. उवे कींके आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फेब्रुवारी १९८६ मध्ये डेट्रॉइट येथील अभियंत्यांच्या अधिवेशनात ‘कॅन’ ही पद्धत मांडली. पुढच्याच वर्षी इंटेलची पहिली कॅन चिप आली. १९९३ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला.

कॅनची कल्पना मला मॉडबसपेक्षा अधिक देखणी वाटते. येथे विचारणारा आणि उत्तर देणारा असा भेद नाही. सगळे एकाच दोन तारांवर असतात आणि ज्याला सांगायचे असेल तो सांगतो. दोघे एकदम बोलू लागले तर? प्रत्येक संदेशाच्या आरंभी त्याचा क्रमांक असतो. तारेवर शून्य हा अंक एकाला दाबून टाकतो. त्यामुळे लहान क्रमांकाचा संदेश आपोआप पुढे जातो आणि मोठ्या क्रमांकाचा प्रेषक अर्ध्यातच थांबून नंतर पुन्हा प्रयत्न करतो. भांडण होत नाही आणि जिंकणाऱ्याचा संदेश बिघडतही नाही. ब्रेकचा निरोप काचेच्या निरोपाआधी पोहोचावा, ही मोटारीची गरज यातून भागली.

तिसरा वारसा टेलिफोनचा, आणि तो सर्वांत कमी ओळखला जातो. टेलिफोन एक्स्चेंज ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांवर चालत आले. मोबाइल मनोऱ्यांनीही तेच पुढे चालवले. घरगुती लिथियम बॅटऱ्यांचा मोठा वर्ग याच ४८ व्होल्टच्या घरातला आहे. त्यांच्यापैकी अनेक पेट्या नेमक्या १९ इंच रुंदीच्या असतात, आणि ते मापही टेलिफोनच्या रिले-चौकटींकडूनच आलेले आहे. पायलॉनटेक या चिनी कंपनीच्या लोकप्रिय बॅटऱ्या आरएस-४८५ वर जी बोली बोलतात, तिची वाक्यरचना चीनमधील दूरसंचार वीजपुरवठ्याच्या देखरेखीसाठी ठरवलेल्या मानकाची आहे. म्हणजे तारा कारखान्याच्या, पण त्यांवरची भाषा मॉडबस नव्हे. आरएस-४८५ आणि मॉडबस एकच समजणारे येथे हमखास फसतात.

आणि ते खटकन बसणारे पारदर्शक टोक? ज्याला आपण सारे आरजे-४५ म्हणतो, त्याचे नाव १९७० च्या दशकात अमेरिकेतील टेलिफोन-जोडणीच्या नियमांतून आले. मूळ आरजे-४५ हे आठ पट्ट्यांचे, पण वेगळ्या खाचेचे टोक मोडेमसाठी होते. संगणकांच्या जाळ्यांनी त्याच्यासारखे दिसणारे टोक घेतले आणि नावही उचलले. पुढे ते इतके स्वस्त आणि सर्वत्र उपलब्ध झाले, की बॅटरी आणि इन्व्हर्टर बनवणाऱ्यांनीही तेच वापरले.

गोंधळाचे मूळ बहुतांशी येथे आहे, असे माझे मत आहे. आठ पट्ट्या आहेत आणि कॅनला लागतात मुळात दोन. कोणत्या दोन? कॅनचा प्रसार करणाऱ्या ‘कॅन इन ऑटोमेशन’ या संघटनेची शिफारस पहिल्या आणि दुसऱ्या पट्टीची आहे. पायलॉनटेकच्या बॅटऱ्यांवर त्या चौथी आणि पाचवी. नेदरलँड्समधील व्हिक्ट्रॉन कंपनीच्या उपकरणांवर सातवी आणि आठवी. तीनही ठिकाणी भोक एकच आणि केबल हुबेहूब बसते. बाजारातली सरळ केबल एका टोकाची चौथी पट्टी दुसऱ्या टोकाच्या चौथीलाच नेते, मग तिथे कोणी ऐकत असो वा नसो. म्हणूनच व्हिक्ट्रॉनला ‘ए’ आणि ‘बी’ प्रकारच्या खास केबल विकाव्या लागतात. ‘ए’ प्रकारात सातवी चौथीला आणि आठवी पाचवीला जाते.

केबल बरोबर असली तरी काम संपत नाही. बोलण्याचा वेग जुळावा लागतो. घरगुती बॅटऱ्यांत सेकंदाला ५०० किलोबिट हा वेग रूढ आहे, पण काही उपकरणे मुळात २५० वर असतात. तारेच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचा रोध लागतो, अन्यथा संदेश टोकावर आपटून परत येतो आणि स्वतःचाच प्रतिध्वनी गोंधळ घालतो. अनेक बॅटऱ्या एकत्र असतील तर प्रमुख कोण, हे पेटीवरच्या छोट्या खटक्यांनी ठरवावे लागते. हे सारे जमले, तरी उरतो तो शब्दसंग्रहाचा प्रश्न.

मॉडबस आणि कॅन या दोघांनीही कसे बोलायचे ते ठरवले. काय बोलायचे, ते मात्र वापरणाऱ्यावर सोडले. अमुक खान्यात व्होल्टेज आहे की तापमान, याबद्दल मॉडबस संपूर्ण मौन बाळगते. कारखान्यात ते चालून जाई, कारण दोन्ही बाजू एकाच अभियंत्याच्या हातात असत. घरात मात्र बॅटरी एका देशातून येते आणि इन्व्हर्टर दुसऱ्या. २००९ मध्ये स्थापन झालेल्या सनस्पेक संघटनेने सौर उपकरणांसाठी मॉडबसचा सामायिक कोश रचण्याचा प्रयत्न केला. वीजजाळ्याशी जोडल्या जाणाऱ्या उपकरणांच्या २०१८ च्या अमेरिकी मानकाने त्यास मान्यताही दिली. पण बॅटरी आणि इन्व्हर्टर यांच्यातील केबलवर तो कोश फारसा उतरला नाही.

तेथे जे रूढ झाले ते नकलेने. पायलॉनटेकच्या कॅन संदेशांत ३५१ क्रमांकाचा संदेश (षोडशमान पद्धतीत) सांगतो, की मला कमाल किती व्होल्टेजवर आणि किती प्रवाहाने भरावे, आणि माझ्यातून किती प्रवाह काढावा. ३५५ मध्ये शिल्लक टक्के आणि आरोग्य, ३५६ मध्ये प्रत्यक्ष व्होल्टेज, प्रवाह व तापमान. जर्मनीच्या एसएमए कंपनीचे बॅटरी-इन्व्हर्टर ज्या क्रमांकांना ओळखतात, त्यांच्याशी हे क्रमांक मोठ्या प्रमाणात जुळतात. इतर बॅटरी-उत्पादकांनी पाहिले, की हे क्रमांक वापरले तर अनेक इन्व्हर्टर आपल्याला आपोआप ओळखतात, आणि तेच उचलले. कोणत्याही समितीने ठराव केला नाही, तरीही ती घरगुती बॅटऱ्यांची बाजारबोली बनली. व्यापारी मार्गांवरच्या भाषा अशाच घडतात हे आपण वाचतो, पण असे डोळ्यांदेखत घडताना क्वचितच पाहायला मिळते.

या बोलीतला ३५१ क्रमांक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण त्याने अधिकार फिरवला. शिशाच्या काळात किती भरायचे ते इन्व्हर्टर ठरवी. आता बॅटरी सांगते आणि इन्व्हर्टर ऐकतो. केबल बोलत नसताना इन्व्हर्टर शिशाच्या पद्धतीवर सोडला, तर तो मधूनमधून शिशाच्या बॅटरीला मानवणारे, पण लिथियमला अपायकारक असे समतोलनाचे उच्च व्होल्टेजही देऊ शकतो. मग बॅटरीचे आयुष्य केवळ पहारेकऱ्याच्या शेवटच्या कुलपावर अवलंबून राहते. ते कुलूप आणीबाणीसाठी असते. त्याचा रोजचा वापर करू नये.

मामांच्या घरी अखेर काय निघाले? बसवणाऱ्याने केबल आरएस-४८५ च्या भोकात घातली होती आणि इन्व्हर्टर कॅनवर कान लावून बसला होता. भोक बदलले, तरी शांतता. मग दोन्ही यंत्रांच्या पुस्तिका शेजारी ठेवून पट्ट्यांचे तक्ते ताडून पाहिले, तर क्रमांक जुळत नव्हते. एक टोक कापून त्याने तारांचा क्रम बदलला, नवे टोक चिमट्याने दाबले आणि इन्व्हर्टरमधील बॅटरीचा प्रकार ‘लेड-ॲसिड’ वरून ‘लिथियम’ केला. काही सेकंदांत टक्के बदलले आणि पडद्यावर बॅटरीचे नाव उमटले.

३५ई या क्रमांकाच्या संदेशात बॅटरी आपल्या उत्पादकाचे नाव सांगते. मामांनी चष्मा लावून ते वाचले आणि म्हणाले, “अरे, पण आपण ही कंपनी घेतलीच नव्हती!” बॅटरीने बोली उचलताना मूळ बोलणाऱ्याचे नावही तसेच उचलले होते.